रँक कॉलेजची, मानांकन शाखेचं, कटऑफ जागेचा

एका पालकांचा अभियांत्रिकी प्रवेशाबद्दल प्रश्न आलाय. आधी तो थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी लातूरहून बारावी झाली आहे. एमएचटी-सीईटीला पीसीएम गटात ९३ पर्सेंटाइल, प्रवर्ग ओबीसी, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत. समोर तीन पर्याय आहेत. पुण्यातलं एक खासगी विनाअनुदानित स्वायत्त कॉलेज, गेटवर 'नॅक ए+', शाखा एआय आणि डेटा सायन्स. दुसरं एक शासकीय अभियांत्रिकी, शाखा ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉम), गेटवर काहीच नाही. तिसरं एक खासगी विद्यापीठ, जाहिरातीत 'एनआयआरएफ रँक' ठळक अक्षरांत, कॉम्प्युटरला थेट प्रवेश देतो म्हणतात. आणि विचारलंय की यातलं कुठलं रँकिंग खरं मानायचं.

तिन्ही खरी असू शकतात. घोळ खरेखोटेपणाचा नाहीच. नॅक, एनआयआरएफ, स्वायत्त, शासकीय, कटऑफ हे पाच शब्द पालक एकाच तराजूत घालतात, आणि ते पाच वेगवेगळ्या गोष्टींची मापं आहेत. एखाद्याचं वजन, उंची, रक्तगट आणि जमिनीचा सातबारा एकत्र मांडून 'यात मोठा कोण' असं विचारावं, तसं होतं. म्हणून कुठलाही शिक्का दिसला की मी चार गोष्टी बघायला सांगतो: तो कुणी दिला, कशाला दिला (संस्थेला, शाखेला की जागेला), कुणाच्या माहितीवर दिला आणि कधीपर्यंतचा आहे.

सुरुवात संस्थेच्या प्रकारापासून करू, कारण पदवी कोण देणार आणि फी कोण ठरवणार हे त्यावरून कळतं. रँकचा विचार त्यानंतर.

शासकीय कॉलेज म्हणजे इमारत, पगार, भरती सगळं राज्य सरकारचं: कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, चंद्रपूर, अवसरी वगैरे. अनुदानित म्हणजे संस्था वेगळी, पण पगाराचा मोठा भाग सरकारी अनुदानातून. सांगलीचं वालचंद, मुंबईचं व्हीजेटीआय, अंधेरीचं सरदार पटेल, नांदेडचं एसजीजीएस ही त्यातली जुनी नावं. विनाअनुदानित म्हणजे खर्च फीमधून, पण फी मनाला येईल तेवढी नाही. राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण दरवर्षी प्रत्येक कॉलेजची फी मंजूर करतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर बघता येते. कॉलेजच्या ऑफिसात सांगितलेला आकडा आणि तिथला आकडा जुळतो का, हे तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

'स्वायत्त' या शब्दानं मात्र फार जणांची फसगत होते. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम स्वतः आखतं, पेपर स्वतः काढतं आणि तपासतं, पण पदवी ज्या विद्यापीठाला ते संलग्न आहे त्याचीच मिळते. हा दर्जा यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, देते. चांगल्या कॉलेजात याचा खरा फायदा होतो: अभ्यासक्रम लवकर बदलतो, निकाल वेळेवर लागतो, आठव्या सत्रात पूर्ण वेळ इंटर्नशिप बसवता येते. साधारण कॉलेजात शिकवणारे तेच, पेपर काढणारे तेच, तपासणारेही तेच. मग सगळ्यांना दहापैकी नऊच्या पुढे पॉइंटर (सरासरी गुणांक) पडतो आणि कंपनीवाले त्या पॉइंटरकडे बघेनासे होतात. स्वायत्त आहे याचा अर्थ सरकारी किंवा अनुदानित नाही असाही नव्हे. व्हीजेटीआय आणि वालचंद दोन्ही स्वायत्तच आहेत.

अभिमत विद्यापीठ म्हणजे यूजीसी कायदा १९५६ च्या कलम ३ खाली विद्यापीठासारखा दर्जा मिळालेली संस्था. पदवी स्वतःची. माटुंग्याची आयसीटी अभिमत आहे आणि मोठाल्या खासगी संस्थाही अभिमत आहेत, तेव्हा या शब्दावरूनही दर्जा कळत नाही. स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठ हा आणखी वेगळा प्रकार, राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेला. तुमचा तिसरा पर्याय यातला दिसतो. आणि पुण्याचं सीओईपी २०२२ पासून कॉलेज राहिलेलं नाही, ते आता स्वतंत्र राज्य विद्यापीठ आहे.

आता एनआयआरएफ. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची ही यादी, घोषणा सप्टेंबर २०१५ मधली, पहिली यादी २०१६ ची. अभियांत्रिकीसाठी गुण पाच भागांत विभागलेले आहेत: शिक्षण व साधनसामग्री ३० टक्के, संशोधन ३० टक्के, पदवीनंतरची फलनिष्पत्ती २० टक्के, सर्वसमावेशकता १० टक्के आणि उद्योग व शिक्षणक्षेत्रातल्या लोकांचं मत १० टक्के.

हे आकडे नीट बघा. ज्याच्यासाठी पालक रँक बघतात ती नोकरी आणि पगार 'फलनिष्पत्ती'च्या २० टक्क्यांत बसतात, आणि त्यातही पूर्ण नाही. त्या भागाच्या १०० गुणांपैकी प्लेसमेंट व उच्च शिक्षणाला ४०, मध्यम पगाराला २५. उरलेले वेळेत पास होण्याला आणि पीएचडी पूर्ण करणाऱ्यांच्या संख्येला. म्हणजे एकूण रँकमध्ये नोकरी-पगाराचा वाटा १३ टक्के. उलट संशोधन एकटं ३० टक्के, त्यात स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समधले शोधनिबंध, त्यांचे संदर्भ, पेटंट, प्रकल्प निधी. शोधनिबंधांची मोजदाद बाहेरच्या डेटाबेसमधून होते, पण विद्यार्थी, शिक्षक, खर्च, नोकऱ्या ही माहिती संस्था स्वतः भरते.

म्हणून यादीत एक गंमत दिसते. आपल्या राज्यात सीईटीचे सर्वांत वरचे विद्यार्थी वर्षानुवर्षं सीओईपी आणि व्हीजेटीआय निवडतात, पण एनआयआरएफमध्ये देशभरातली अनेक खासगी अभिमत विद्यापीठं त्यांच्या बरीच वर असतात. ही चोरी नाही. शेकडो पीएचडीधारक नेमून शोधनिबंधांचा रतीब घालणाऱ्या मोठ्या संस्थेला त्या सूत्रात गुण मिळणारच. निबंधांच्या संख्येचा हा खेळ फार वाढला, म्हणून २०२५ च्या यादीत मागे घेतलेल्या शोधनिबंधांसाठी गुण कापायला सुरुवात झाली. बी.टेक. करणाऱ्या मुलीला दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स कोण शिकवणार, हे मात्र त्या सूत्रात कुठेच नाही.

रँक सांगणाऱ्या जाहिरातीतल्या नेहमीच्या खुब्या अशा. पहिली, कुठल्या यादीतली रँक ते सांगत नाहीत. एनआयआरएफच्या याद्या बऱ्याच आहेत: सर्वसाधारण, विद्यापीठं, महाविद्यालयं, अभियांत्रिकी, व्यवस्थापन, फार्मसी आणि आणखीही. एखाद्या खासगी विद्यापीठाला फार्मसीत चांगला क्रमांक असतो आणि फलक लागतो अभियांत्रिकीच्या इमारतीवर. दुसरी, पट्टा. अभियांत्रिकीत पहिल्या १०० जणांना क्रमांक मिळतो, त्यापुढे १०१ ते १५०, १५१ ते २००, २०१ ते ३०० असे पट्टे. '२०१ ते ३००' मधल्या संस्थेच्या जाहिरातीत 'देशात २०१ वा क्रमांक' असं छापलं तर ती लबाडी आहे. पट्ट्यात नावं क्रमानं लावलेली नसतात. तिसरी खुबी 'एनआयआरएफ सहभागी'. माहिती भरली की कुणीही सहभागी. पन्नासाव्या क्रमांकानंतर तर शेजारच्या दोन संस्थांत एखाद्या गुणाच्या दशांशांचाच फरक असतो, तेव्हा ७० वी संस्था ८५ व्यापेक्षा बरी, असं छातीठोक कुणी सांगू नये.

मग एनआयआरएफचा उपयोग काय? आहे, आणि मोठा आहे, पण रँकचा नाही. सहभागी झालेल्या प्रत्येक संस्थेनं भरलेली माहिती सार्वजनिक असते. संस्थेला ती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते, आणि रँक मिळालेल्यांची एनआयआरएफच्या संकेतस्थळावरही सापडते. त्या पीडीएफमध्ये 'प्लेसमेंट अँड हायर स्टडीज'चा तक्ता शोधा. चार वर्षांच्या पदवीसाठी तीन वर्षांच्या तीन ओळी असतात, आणि प्रत्येक ओळीत प्रवेश क्षमता, प्रत्यक्ष प्रवेश, थेट दुसऱ्या वर्षाला आलेले, ठरलेल्या वेळेत पास झालेले, नोकरी लागलेले, मध्यम वार्षिक पगार आणि उच्च शिक्षणाला गेलेले.

एक ओळ वाचून दाखवतो. आकडे समजण्यापुरते काल्पनिक आहेत, मांडणी खरी. क्षमता ४८०. प्रवेश ४६२. थेट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे डिप्लोमावाले, ४८. वेळेत पास ४३१. नोकरी २६०. मध्यम पगार ४,५०,०००. उच्च शिक्षण ४०.

याच कॉलेजच्या माहितीपत्रकात '९० टक्के प्लेसमेंट, सर्वोच्च पॅकेज ३२ लाख' असं असू शकतं, आणि तेही तांत्रिकदृष्ट्या खोटं नसतं. प्लेसमेंट सेलकडे नोंदणी केलेले आणि 'पात्र' ठरलेले २८९, त्यातले २६० लागले, झाले ९० टक्के. पात्र म्हणजे साठ टक्क्यांच्या वर गुण, एकही विषय मागे नाही, फी थकलेली नाही. जे या चाळणीतून गळले ते भाजकातूनच गायब. मी भाजक वेगळा धरतो: ४६२ अधिक ४८, म्हणजे ५१०. त्या वर्गात बसलेली सगळी मुलं. २६० भागिले ५१०, झाले ५१ टक्के. उच्च शिक्षणाला गेलेले ४० धरले तर ३०० भागिले ५१०, म्हणजे जेमतेम ५९. वेळेत पास ८५ च्या आत, म्हणजे दर सहा-सात मुलांमागे एकाचं वर्ष मागे पडलं किंवा त्यानं कॉलेज सोडलं.

मध्यम पगार म्हणजे नोकरी लागलेल्या २६० जणांना पगाराच्या क्रमानं उभं केलं तर मधल्या मुलाचा पगार. सरासरी नव्हे. एका मुलाला ३२ लाख मिळाले तर सरासरी चढते, मध्य जागचा हलत नाही. म्हणून 'सर्वोच्च' आणि 'सरासरी' दोन्ही सोडून मध्यच विचारा. तीन ओळी वाचा, एक नको. २०२२ च्या आसपास आयटी भरतीला उधाण होतं, त्या एकाच वर्षावर बेतलेला आकडा आज दिशाभूल करेल.

या तक्त्याची मोठी मर्यादा अशी की तो सगळ्या शाखांचा एकत्र असतो. कॉम्प्युटर आणि सिव्हिल एकाच घागरीत. शाखेचा आकडा हवा असेल तर प्लेसमेंट सेलकडून शाखानिहाय, कंपनीनिहाय यादी मागायची. ती देताना टाळाटाळ झाली तर ते उत्तरच समजा. संस्थेनं एनआयआरएफमध्ये भागच घेतला नसेल तर मात्र हा मार्ग बंद. छोट्या शासकीय कॉलेजांच्या बाबतीत हे होतं, आणि त्यावरून त्यांना कमी लेखू नये.

नॅककडे मी कमी वेळ देतो, तुम्हीही द्या. १९९४ मध्ये यूजीसीनं स्थापन केलेली ही परिषद, मुख्यालय बंगळुरू. ती संपूर्ण संस्थेला चारपैकी गुण देते: ३.५१ पासून पुढे ए++, ३.२६ ते ३.५० ए+, ३.०१ ते ३.२५ ए, त्याखाली बी++ वगैरे. साधारणपणे पाच वर्षं मुदत. अभ्यासक्रम, अध्यापन, संशोधन, पायाभूत सोयी, विद्यार्थी सहाय्य, प्रशासन, मूल्ये व चांगल्या प्रथा असे सात निकष. कागदपत्रं नीट ठेवणाऱ्या, व्यवस्था असलेल्या संस्थेला श्रेणी चांगली मिळते, आणि व्यवस्था असणं ही गोष्ट चांगलीच आहे. पण ३.२४ ला ए आणि ३.२७ ला ए+, या फरकावर घर सोडून दुसऱ्या शहरात जायचा निर्णय घेऊ नका. श्रेणीऐवजी 'मान्यताप्राप्त आहे किंवा नाही' एवढंच सांगणारी पद्धत आणणार असल्याचं नॅकनं २०२४ मध्ये जाहीर केलं आहे, म्हणजे गेटवरच्या या अक्षरांचा भाव पुढे उतरणारच. नॅकचं प्रमाणपत्र बघायचं असेल तर त्यावरची मुदतीची तारीख बघा. पाटी राहते, मुदत संपून जाते.

एनबीए मात्र बघाच. ही संस्था कॉलेजला नव्हे, शाखेला मानांकन देते, आणि मुदत तीन किंवा सहा वर्षांची. सहा वर्षं मिळालेली शाखा तपासणीत बरीच भक्कम निघालेली असते, तीन मिळालेलीत सुधारणा सांगितलेल्या असतात. १३ जून २०१४ ला भारत वॉशिंग्टन कराराचा (अभियांत्रिकी पदव्यांना देशादेशांत मान्यता देणारा करार) कायम सदस्य झाला, त्यामुळे टियर-१ खाली (म्हणजे स्वायत्त संस्था आणि विद्यापीठं) मानांकित शाखांची पदवी करारातल्या इतर देशांत समकक्ष धरली जाते. संलग्न कॉलेजं टियर-२ मध्ये येतात, त्यांना हा लाभ नाही. परदेशी शिकायचं किंवा व्यावसायिक अभियंता म्हणून नोंदणी करायची असेल तर हे महत्त्वाचं, नाहीतर फारसं नाही.

तुमच्या पहिल्या पर्यायाशी याचा थेट संबंध आहे. एनबीएला अर्ज करायचा तर त्या शाखेच्या किमान दोन तुकड्या पास होऊन बाहेर पडलेल्या असाव्या लागतात. एआय-डेटा सायन्सची शाखा २०२२ ला सुरू झाली असेल तर पहिली तुकडी २०२६ ला आणि दुसरी २०२७ ला बाहेर. तोवर मानांकन मिळूच शकत नाही, ही काही कॉलेजची चूक नव्हे. पण 'आमचं कॉलेज एनबीए मानांकित आहे' असं सांगितलं जातं तेव्हा मानांकन कॉम्प्युटर, मेकॅनिकल आणि सिव्हिलचं असतं आणि तुम्ही फी भरत असता एआयची. अशा नव्या शाखेत कोण शिकवतं ते बघा. कॉलेजच्या संकेतस्थळावर 'मँडेटरी डिस्क्लोजर' नावाचं पान असतं, त्यात शिक्षकांची नावं, पात्रता, रुजू झाल्याची तारीख. एआयसीटीईचं (तंत्रशिक्षणाची केंद्रीय नियामक संस्था) प्रमाण २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. ६० ची एक तुकडी म्हणजे चार वर्षांचे २४० विद्यार्थी, म्हणजे १२ शिक्षक. शाखेची क्षमता १८० असेल तर ३६. यादीत ३६ च्या जागी १९ नावं असतील, किंवा असलेल्यांपैकी बहुतेक गेल्या वर्षभरात रुजू झालेले असतील, तर ए+ ला काय चाटायचं? तीच माणसं कॉम्प्युटरच्या यादीतही दिसतात का, तेही एकदा ताडून बघा.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: एनआयआरएफ संस्थेचं, बरंचसं संशोधनाचं; नॅक संस्थेच्या कारभाराचं; एनबीए शाखेचं. आता जागेकडे येऊ, कारण मुलीला शेवटी जागाच मिळणार आहे.

कटऑफ म्हणजे कॉलेजनं ठरवलेली पात्रता नव्हे. त्या फेरीत, त्या प्रकारच्या जागेवर शेवटी बसलेल्या विद्यार्थ्याचा क्रमांक, बस. सीईटी सेलच्या (राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष) यादीत कॉलेजच्या नावाखाली आधी त्याचा प्रकार आणि होम युनिव्हर्सिटी, म्हणजे ते ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येतं ते, लिहिलेली असते, मग शाखा, मग जागांचे संकेत आणि प्रत्येकाखाली दोन आकडे: वर गुणवत्ता क्रमांक, खाली कंसात पर्सेंटाइल. संकेत तीन तुकड्यांत वाचायचा. सुरुवातीला 'जी' म्हणजे सर्वसाधारण, 'एल' म्हणजे मुलींसाठी राखीव. मधे प्रवर्ग: ओपन, ओबीसी, एससी वगैरे. शेवटी 'एच' म्हणजे होम युनिव्हर्सिटी, 'ओ' म्हणजे होम युनिव्हर्सिटीबाहेरचे, 'एस' म्हणजे राज्यस्तर. म्हणजे एल-ओबीसी-ओ ही ओबीसी मुलींसाठीची, बाहेरच्या विद्यापीठक्षेत्रातल्यांची जागा.

विद्यार्थ्याची होम युनिव्हर्सिटी ठरते बारावी कुठून केली त्यावरून. लातूर म्हणजे नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. पुण्यातल्या त्या खासगी कॉलेजात होम युनिव्हर्सिटीच्या जागा ७० टक्के आणि बाहेरच्यांच्या ३० टक्के. तुमची मुलगी त्या ३० मध्ये. शेजारच्या काकूंच्या पुण्यातल्या मुलाला जी-ओपन-एच मधून त्या कॉलेजात जागा मिळाली, म्हणून हिलाही मिळेल किंवा मिळणार नाही, असं काहीच म्हणता येत नाही. दोघांच्या रांगाच वेगळ्या आहेत. तुम्ही बघायचे चार रकाने: एल-ओबीसी-ओ, जी-ओबीसी-ओ, एल-ओपन-ओ आणि जी-ओपन-ओ, कारण गुणांवर खुल्या जागेतही तिचा विचार होतो. शासकीय स्वायत्त कॉलेजात हेच चार, पण शेवटी 'एस'. तिथे लातूर-पुणे हा भेद उरत नाही, आणि मराठवाड्यातल्या मुलांना हा फार मोठा फायदा आहे, जो बरेच जण वापरत नाहीत.

पर्सेंटाइलपेक्षा गुणवत्ता क्रमांकावर भर द्या. समजा पीसीएम गटात ४ लाख मुलं बसली, तर एक पर्सेंटाइल म्हणजे ४ हजार मुलं. गेल्या वर्षीचे ९३ आणि यंदाचे ९३ यांत उमेदवारांची संख्या बदलली की क्रमांक हजारोंनी सरकतो. शिवाय गेल्या वर्षीचा कटऑफ गेल्या वर्षीच्या जागांवर ठरला होता. कॉम्प्युटरच्या जागा वाढल्या की त्या शाखेचा कटऑफ उतरतो, आणि नेमक्या त्याच वेळी तिथली शिक्षकांची टंचाई वाढते. मी दोन वर्षांच्या याद्या घेतो, पहिल्या फेरीचा आणि शेवटच्या फेरीचा क्रमांक शेजारी लिहितो. आपला क्रमांक दोन्हींच्या वर (म्हणजे आकडा दोन्हींपेक्षा लहान) असेल तर जागा जवळपास हातात, दोन्हींच्या मधे असेल तर थांबायची तयारी हवी.

पर्याय भरताना क्रम आवडीचा लावा, मिळण्याच्या शक्यतेचा नको. वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्यावरचा हक्क कमी होत नाही. यंत्रणा तुमच्या यादीत वरून खाली येते. पण पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचा पर्याय मिळाला की जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांचा दरवाजा बंद, म्हणून सगळ्यात वर 'मिळेलच' असं सुरक्षित काही टाकू नका. पुढच्या फेऱ्यांत कितव्या पर्यायापर्यंत हा नियम लागू होतो ते वर्षागणिक बदलतं. त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचल्याशिवाय अर्ज पक्का करू नका.

आता पैसे, कारण तुमच्या बाबतीत निर्णय बराचसा इथेच लागतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेला हवा. संस्था स्तरावरच्या कोट्यातून, म्हणजे ज्याला सगळे मॅनेजमेंट कोटा म्हणतात त्यातून, घेतला तर लाभ नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनेतून वगळलेली आहेत.

म्हणजे पुण्याचं ते कॉलेज कॅपमधून मिळालं तर फीचा मोठा भाग माफ. विकास शुल्क, वसतिगृह आणि मेस तुमच्या खिशातून. तेच कॉलेज ऑफिसात जाऊन 'एक जागा आहे, आजच भरा' अशा पद्धतीनं घेतलं तर पूर्ण फी, चारही वर्षं. जागा एकाच वर्गातली, बाक एकच, आणि खर्चात लाखोंचा फरक. तिसऱ्या पर्यायात तर माफीचा प्रश्नच येत नाही. त्या रँकसाठी तुम्ही चार वर्षांची पूर्ण फी मोजणार आहात, आणि ती रँक कुठल्या यादीतली आहे हे अजून तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

त्यामुळे माझा कल असा. खासगी विद्यापीठ यादीतून काढा; त्यांच्या पीडीएफमधल्या तक्त्यात मध्यम पगार बाकी दोघांच्या दीडपटीहून वर दिसला तरच परत विचार करा. शासकीय ईएनटीसी आणि पुण्यातलं एआय यांत उत्तर मुलीवर अवलंबून आहे. तिला सॉफ्टवेअरच करायचं पक्कं असेल आणि त्या एआय शाखेची शिक्षकसंख्या प्रमाणाच्या आसपास भरत असेल, तर पुणे. इंटर्नशिपसाठी शहराचा फायदा खरा आहे. अजून पक्कं ठरलेलं नसेल तर शासकीय ईएनटीसी. त्या शाखेतून चिप डिझाइन, एम्बेडेड, टेलिकॉमकडेही जाता येतं आणि सॉफ्टवेअर कंपन्याही ईएनटीसीला भरतीत घेतात. चार वर्षांपूर्वी सुरू झालेल्या शाखेपेक्षा चाळीस वर्षांची प्रयोगशाळा मला जास्त भरवशाची वाटते, मात्र त्या प्रयोगशाळेतली उपकरणं चालू आहेत ना हे जाऊन बघा. शासकीय कॉलेजांत पदं रिक्त राहणं हा जुना आजार आहे, तेव्हा शिक्षकांची यादी तिथेही मोजायचीच. सरकारी म्हणून सूट नाही.

दोन्ही ठिकाणी एकदा जाऊन या, शक्यतो कामाच्या दिवशी दुपारी. प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसू नका. तिसऱ्या वर्षाची चार-पाच मुलं कॅन्टीनमध्ये गाठा आणि तीनच गोष्टी विचारा: गेल्या सत्रात किती विषयांना सलग एकच शिक्षक होते, प्रॅक्टिकल खरंच होतात की फाइल उतरवून सही, आणि मागच्या तुकडीतल्या तुमच्या ओळखीच्या मुलांपैकी किती जण आज नोकरीवर आहेत. माहितीपत्रकात यातलं काहीही नसतं.

आणि एक, जे याहून तातडीचं आहे: जातवैधता प्रमाणपत्र आणि चालू वर्षाचं नॉन-क्रिमीलेअर हातात आहे का? नॉन-क्रिमीलेअरवरची वैधतेची तारीख आजच काढून बघा. ते नसेल तर ओबीसीची जागा आणि फीमाफी दोन्ही अडकतात, आणि वरची सगळी आकडेमोड तिला खुल्या प्रवर्गात धरून पुन्हा करावी लागेल.